तारीख मागे गेली आणि नेट ‘बंद’ पडलं

आमच्या जुन्या डेस्कटॉपवर एकाएकी जीमेल उघडेना, बँकेची साइटही नाही. प्रत्येक ठिकाणी ‘कनेक्शन खाजगी नाही’ अशी ताकीद. बाबा म्हणाले, "नेट गेलंय, केबलवाल्याला फोन लाव." पण त्याच वायफायवर मोबाइल झकास चालत होता. मग स्क्रीनच्या कोपऱ्याकडे लक्ष गेलं. तारीख, १ जानेवारी २०१२!

सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला (साइटची ओळख पटवणाऱ्या डिजिटल दाखल्याला) ‘अमुकपासून तमुकपर्यंत’ अशी मुदत असते. कॉम्प्युटरच्या हिशेबी ती अजून सुरूच झालेली नव्हती, म्हणून ब्राउझर अडून बसला. तारीख-वेळ दुरुस्त केल्यावर सगळं लगेच उघडलं. सकाळी पुन्हा तेच रडगाणं. रात्री आम्ही भिंतीवरचं बटण बंद करतो, आणि वीज नसताना कॉम्प्युटरचं घड्याळ चालू ठेवणारा, मदरबोर्डवरचा (आतल्या मुख्य सर्किट बोर्डवरचा) सेल पार उतरला होता.

हा सेल सीआर२०३२, नाण्यासारखा चपटा, ३ व्होल्टचा. घड्याळाच्या दुकानातही मिळतो. प्लग काढून कॅबिनेटचं झाकण उघडलं, कडेची बारीक पट्टी नखाने सरकवली, सेल टुणकन वर आला. नवा बसवताना अधिक चिन्हाची बाजू वर. तारीख एकदा नव्याने लावावी लागते, बस्स. (लॅपटॉपमध्ये हा सेल बऱ्याचदा वायरीने जोडलेला असतो, तिथे मी हात घातला नसता.)