सुताराची पेन्सिल आणि पेलाभर दूध

एलिमेंटरी-इंटरमिजिएट देऊन आलेल्या बहुतेकांना एक सवय असते: शेडिंग बोटाने घोटायचं. माझीही होती. गाल गुळगुळीत व्हायचे, पण माणूस कुठेच दिसायचा नाही.

ती सवय सुटली व्हॅन गॉगच्या, नेदरलँड्समधल्या हेग शहरात काढलेल्या रेखाचित्रांमुळे. पोर्ट्रेट शिकायला बसलेल्या प्रत्येकाने त्याच्या सूर्यफुलांच्या आधी ही चित्रं बघावीत, असं मला मनापासून वाटतं. 1882 सालच्या शरद ऋतूत त्याने तिथल्या वृद्धाश्रमातली म्हातारी माणसं समोर बसवून काढली. त्यातले झौडरलांट आजोबा पुन्हा पुन्हा भेटतात: कधी उंच टोपी घालून, कधी हातात छत्री घेऊन. एका चित्रात ते खुर्चीत वाकून बसलेत आणि चेहरा दोन्ही मुठींत लपवलाय. चेहराच नाही, तरी ते पोर्ट्रेट आहे. मी त्या मुठी कितीतरी वेळा उतरवून काढल्या.

साधन काय, तर सुताराची जाड पेन्सिल आणि जलरंगाचा खडबडीत कागद. आता अडचण अशी की पेन्सिल दाबून चालवली की ग्राफाइट चकाकतं. जिथे सगळ्यात गडद हवं, नेमकी तीच जागा उजेडात पांढुरकी दिसते. व्हॅन गॉग चित्रावर दूध ओतायचा, कधी दूध-पाणी. चमक जायची, काळा रंग मऊ आणि खोल व्हायचा, वर चित्र पक्कंही व्हायचं.

मी आधी साध्या कार्ट्रिज पेपरवर करून पाहिलं आणि कागद पार सुरकुतला. तुम्ही 300 जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, रफ कागद घ्या, चारही कडा टेपने बोर्डाला चिकटवा. साय काढलेलं दूध, तेवढंच पाणी. ब्रश घासायचा नाही, नुसतं ओलं सोडायचं आणि रात्रभर वाळू द्यायचं.

ही पेन्सिल शार्पनरमध्ये जात नाही, ब्लेडने छिन्नीसारखी तासावी लागते. आमच्या सोसायटीचे वॉचमन काका बसले होते तेव्हा सपाट बाजूने त्यांच्या स्वेटरची बाही चार फटक्यांत झाली. मग पेन्सिल कोपऱ्यावर फिरवून बोटांची पेरं काढली. त्याला अख्खा तास गेला. काकांनी कागद हातात घेतला, आपला हात त्याच्याशेजारी धरला आणि म्हणाले, "हे बोट वाकडंय, ते बरोबर काढलंस."