गाडी खाली घेतल्यावर टायरची आतली कड तपासावी
सस्पेन्शन बदलून गाडीची उंची कमी केली की बहुधा चाके वरच्या बाजूने आत कलतात, टो (वरून पाहता चाके पुढच्या बाजूने आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) बिघडतो आणि टायर आतल्या कडेने झिजू लागतो. बाहेरून मात्र तो नवाकोरा दिसतो. म्हणून गाडी उभी करून स्टिअरिंग पूर्ण वळवावे आणि पुढच्या टायरच्या आतल्या कडेवरून तळहात आडवा, दोन्ही दिशांनी फिरवावा. एकीकडून गुळगुळीत आणि उलट फिरवताना करवतीसारखे दातेरी लागले, तर दोष बहुतेक टोचाच असतो. चाकांचे अलाइनमेंट (कोन जुळवणे) लगेच करावेच, पण नव्या स्प्रिंग थोड्या बसतात, त्यामुळे सुमारे ५०० किलोमीटरनंतर ते पुन्हा तपासावे. कॅम्बर (चाकाचा उभा कल) आधी आणि टो शेवटी लावून घ्यावा, कारण कॅम्बर हलवला की टोही हलतो. हात लावण्यापूर्वी टायर नीट पाहावा. झिजलेल्या कडेतून पोलादी तारा बाहेर आल्या असतील, तर हात कापतो.