डिस्कला न उठवता फाइल कशी वाचावी

कळमना बाजारातील एका अडत्यासाठी आम्ही जुन्या पावत्यांचे स्कॅन दाखवणारी लहानशी सेवा नागपुरातच एका यंत्रावर चालवतो. सगळे काम एकाच थ्रेडवर, म्हणजे एका वेळी एकच काम करणाऱ्या धाग्यावर, आणि मागे साधी फिरणारी हार्ड डिस्क. त्यामुळे कोणी तीन वर्षांपूर्वीची पावती मागितली, की आजची, मेमरीत तयार असलेली पावती मागणारेही ताटकळत. जे पेज कॅशेमध्ये, म्हणजे वाचलेल्या फाइलींची पाने लिनक्स मेमरीत ठेवतो त्या साठ्यात, आहे ते लगेच द्यायचे आणि नसलेले दुसऱ्या थ्रेडकडे सोपवायचे, एवढेच हवे होते.

फाइल उघडताना नॉनब्लॉक ध्वज (वाट पाहत थांबू नको, असे सांगणारा पर्याय) लावून हे साधत नाही, कारण साध्या फाइलवर त्याचा काहीही परिणाम होत नाही. लिनक्समध्ये त्यासाठी प्रीड-व्ही-२ हा कॉल (कर्नलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे, केलेली वाचनाची मागणी) आरडब्ल्यूएफ-नोवेट या ध्वजासह वापरावा. हा ध्वज कर्नलच्या ४.१४ या आवृत्तीपासून उपलब्ध आहे. मागितलेला मजकूर मेमरीत नसेल, तर कॉल न थांबता उणे एक परत करतो आणि एररनो या चुकीचे कारण सांगणाऱ्या चलात ई-अगेन (नंतर पुन्हा पाहा) ठेवतो. सुरुवातीचाच भाग मेमरीत असेल, तर तेवढेच बाइट मिळतात. म्हणून कमी बाइट आले म्हणजे फाइल संपली असे समजू नये. ५.९ आणि ५.१० या आवृत्त्यांत तर फाइल शिल्लक असतानाही कधीकधी शून्य परत येते, त्यामुळे फाइलचा आकार स्वतंत्रपणे ठाऊक असलेला बरा. फाइल सिस्टिमला हा ध्वज मान्य नसल्यास ई-ऑप-नॉट-सप (ही सोय नाही) ही चूक मिळते. तेव्हा मुकाट्याने नेहमीच्या वाचनाकडे वळावे.

खरी मेख पुढे आहे. न थांबणे आणि डिस्कला हात न लावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: नव्या कर्नलमध्ये ई-अगेन देता देताच रीडअहेड, म्हणजे पाने डिस्कवरून आगाऊ मेमरीत आणणे, सुरू होऊ शकते. आमच्यासारख्यांना ते सोयीचेच, कारण ती पावती थोड्या वेळाने लागणारच असते. डिस्क मुळीच हलू नये अशी अट असेल, तर आधी फाइल एममॅप करून (प्रोग्रॅमच्या मेमरी-पत्त्यांशी जोडून) मिनकोर या कॉलने कोणती पाने मेमरीत आहेत ते विचारावे. मिनकोर प्रत्येक पानामागे एक बाइट भरतो आणि त्याचा सर्वांत खालचा बिट ते पान मेमरीत आहे की नाही ते सांगतो. एक्स-८६ वर पान ४०९६ बाइटचे असते. मात्र ५.२ पासून, ज्याच्याकडे फाइलची मालकी किंवा लिहिण्याचा हक्क नाही, त्याला सगळी पाने हजर असल्याचेच उत्तर मिळते. शिवाय विचारणे आणि वाचणे यांच्यामधल्या क्षणात पान निघून जाऊ शकते, म्हणून मिनकोरने होकार दिल्यावरही वाचन नोवेटनेच करावे. तेवढ्या फटीत डिस्क जागी होण्याची शक्यता मात्र उरतेच.

चाचणी करताना फाइल कॅशेतून काढण्यासाठी आधी एफसिंक (बदललेली पाने डिस्कवर उतरवणारा कॉल) आणि मग पॉझिक्स-एफॲडव्हाइझ या कॉलला डोन्टनीड, म्हणजे ही पाने आता नकोत, असे सांगावे. एफसिंक विसरल्यास डिस्कवर न उतरलेली पाने तशीच राहतात आणि ई-अगेन का येत नाही या कोड्यात, आमच्यासारखीच, तुमचीही दुपार जाते. पाने खरोखर गेली का, ते एफइनकोर ही आज्ञा चालवून पाहता येते.