व्हॅम्पायर प्रेमकथेतल्या पात्राला कोणतं पुस्तक द्यावं? काल्पनिक वाचकासाठी ग्रंथालयाची शिफारस तयार करण्याची रीत

'ट्वायलाइट' या व्हॅम्पायर प्रेमकादंबरीतला एडवर्ड कलन, म्हणजे रक्तावर जगणारा, म्हातारा न होणारा तरुण, ग्रंथालयाच्या देवघेव काउंटरवर आला तर त्याला काय द्याल? पात्राला पुस्तक सुचवण्याच्या या खेळाच्या बहुतेक याद्या 'ड्रॅक्युला'ने सुरू होतात आणि 'रोमिओ अँड ज्युलिएट'ने संपतात. दोन्ही शिफारशी वाया गेलेल्या असतात. एडवर्डचं व्हॅम्पायर कुटुंब, म्हणजे कलन मंडळी, गावं बदलत पुन्हा पुन्हा शाळेत बसतात, त्यामुळे शाळेत नेमलेलं शेक्सपिअर एडवर्डचं कधीच पाठ झालंय. व्हॅम्पायर काय असतो हे तर त्याला 'ड्रॅक्युला' लिहिणाऱ्या ब्रॅम स्टोकरने सांगायची गरजच नाही.

वाचनगटाचा उपक्रम असो, ग्रंथालयातलं प्रदर्शन असो की फॅनफिक्शनमधला (चाहत्यांनी त्याच पात्रांवर लिहिलेल्या कथेतला) प्रसंग, रीत एकच. पात्राला खरा वाचक माना आणि त्याच्यासाठी खरोखर मेहनत घ्या. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी 1931 साली मांडलेल्या पाच सूत्रांमधलं 'प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक' हे सूत्र काल्पनिक वाचकालाही तितकंच लागू आहे. मूळ कादंबरी तुम्ही वाचलेली आहे असं धरून चालतो.

आधी आवृत्ती ठरवा

कादंबरी, चित्रपट की मालिका, यातलं एकच घ्या. 'इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर'च्या 1976 च्या कादंबरीत लुई हा 1791 मधला लुइझियानाचा मळेवाला आहे. 2022 च्या मालिकेत तोच लुई 1910 च्या न्यू ऑर्लिन्समध्ये भेटतो. क्लॉडिया कादंबरीत पाच वर्षांची, मालिकेत चौदाची. आवृत्त्यांची खिचडी केली की वाचकाचं वय, शतक आणि शिक्षण एकदमच चुकतं, आणि पुढची सगळी मेहनत पाण्यात जाते.

वाचकाचं कार्ड भरा

पोस्टकार्डाएवढ्या कागदावर सहा गोष्टी लिहा: जन्म कुठे आणि कधी, व्हॅम्पायरमध्ये रूपांतर कधी, भाषा कोणत्या, शिक्षण किती, वाचायला वेळ किती, आणि आतापर्यंत काय वाचून झालं असेल. एडवर्डचं कार्ड असं भरेल: जन्म 1901, शिकागो; 1918 च्या इन्फ्लुएंझात मरणाच्या दारात असताना रूपांतर; पियानो वाजवतो; वैद्यकशास्त्र शिकलेला; झोप नाही, म्हणजे रोजची पूर्ण रात्र मोकळी; प्रेयसी बेला सोडून सगळ्यांच्या मनातलं ऐकू येतं.

भाषेची ओळ रिकामी सोडू नका. 1872 मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या 'कार्मिला' या व्हॅम्पायरकथेतली लॉरा ऑस्ट्रियातल्या स्टिरियात वाढते, पण वडील इंग्रज असल्यामुळे घरात इंग्रजी टिकवलेली आहे. म्हणून तिला 1853 चं शार्लट ब्रॉन्टीचं 'व्हिलेट' थेट मुळातून देता येतं. परक्या मुलखात एकटी पडलेली, मनातलं सांगताना हात आखडता घेणारी इंग्रज तरुणी तिला लगेच ओळखीची वाटेल.

आरसा देऊ नका (इथेच सगळे घसरतात)

आरसा म्हणजे पात्राच्या ठळक वैशिष्ट्यावरचंच पुस्तक: मनं वाचणाऱ्याला मनं वाचण्याची गोष्ट, सैनिकाला युद्धाची, भविष्य दिसणाऱ्याला भविष्यवाणीची. अशी यादी पटकन तयार होते, बघणाऱ्याला चपखलही वाटते, आणि वाचकाच्या पदरात काहीच पडत नाही. दिवसभर दात कोरून आलेल्या डेंटिस्टला तुम्ही दातांवरची कादंबरी द्याल का?

स्टोकरने स्वतः काय केलंय ते बघा. ड्रॅक्युलाच्या किल्ल्यातल्या कपाटात रक्तावरचं किंवा भुतांवरचं पुस्तक नाही. तिथे इतिहास, भूगोल, राजकारण, अर्थशास्त्र, वनस्पतिशास्त्र, भूशास्त्र, कायदा, लंडनची डिरेक्टरी अशी इंग्रजी पुस्तकं आहेत, आणि काउंट चक्क ब्रॅडशॉचं रेल्वे वेळापत्रक वाचत बसलेला दिसतो. त्याला लंडनला जायचंय आणि तिथे परका म्हणून ओळखू यायचं नाहीये. म्हणजे लेखकाने कपाट भरलं ते पात्राला काय हवंय यावरून. या उपक्रमासाठी यापेक्षा चांगला नमुना मला माहीत नाही.

म्हणून कार्डाच्या मागच्या बाजूला दोन प्रश्न लिहा. या पात्राकडे कशाचा अतिरेक आहे? आणि कशाची वाण आहे? शिफारस दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातून निघाली पाहिजे. पहिल्याचं उत्तर टाळायच्या पुस्तकांची यादी देतं.

एडवर्डकडे इतरांच्या विचारांचा अतिरेक आहे. त्यामुळे पात्रांच्या मनातले विचार सलग मांडणाऱ्या संज्ञाप्रवाही कादंबऱ्या, म्हणजे व्हर्जिनिया वुल्फची 'मिसेस डॅलोवे' वगैरे, बाजूला ठेवा. त्याच्या कानात तेच चोवीस तास चालू असतं. वाण आहे ती बंद मनाची. बेला त्याला खेचून घेते ती तिच्या मनातलं ऐकू येत नाही म्हणूनच. तेव्हा त्याला डॅशिएल हॅमेटची 1930 ची 'द माल्टीज फाल्कन' द्या. अख्ख्या कादंबरीत गुप्तहेर सॅम स्पेडच्या डोक्यात काय चाललंय ते लेखक एकदाही सांगत नाही. दिसतात फक्त हालचाली, चेहरे आणि बोलणं. एडवर्डला इथे पहिल्यांदा आपल्यासारखं माणसांवरून अंदाज बांधत वाचावं लागेल. 1930 चं पुस्तक त्याने आधीच वाचलं नसेल का? रूपांतरानंतर साधारण दहा वर्षांनी तो त्याचं रूपांतर करणाऱ्या कार्लाइलपासून दूर गेला आणि काही वर्षं खुन्यांच्या मनातलं ऐकून त्यांची शिकार करत हिंडला. हॅमेटचं पुस्तक नेमकं त्याच काळातलं आहे. ते हातून सुटलं असण्याची शक्यता बरीच आहे.

एडवर्डची बहीण ॲलिस हिच्या बाबतीत गडबड वेगळी होते. कुणी काही ठरवलं की त्याचा परिणाम तिला दिसतो. पुस्तक वाचायचं ठरवलं की शेवटही दिसलाच म्हणून समजा. रहस्यकथा तिच्यासाठी पहिल्या पानावरच मेलेली. इथे सिॲटलच्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांची चार दारांची मांडणी हाताशी ठेवा: वाचक पुस्तकात कथानक, पात्रं, स्थळ किंवा भाषा यांपैकी एका दाराने शिरतो. ॲलिससाठी कथानकाचं दार बंद आहे, म्हणून बाकीच्या तिन्हींतून न्या. गार्सिया मार्केसची 1981 ची 'क्रॉनिकल ऑफ अ डेथ फोरटोल्ड' खुनाची बातमी पहिल्याच वाक्यात देऊन टाकते आणि तरीही शेवटच्या पानापर्यंत धरून ठेवते. हुलिओ कोर्तासारची 1963 ची 'हॉपस्कॉच' त्याहून सरस: 155 प्रकरणं, वाचायचे एकाहून अधिक क्रम, म्हणजे निर्णय बदलला की पुस्तकही बदललं. ॲलिस वेड्यांच्या इस्पितळात होती म्हणून नेली ब्लायचं 1887 चं 'टेन डेज इन अ मॅड-हाउस' मात्र तिच्या हातात कोंबू नका. तिला तो काळ आठवत नाही. तिने मागितलं तरच द्यायचं. जखमेवरचं पुस्तक न विचारता पुढे करणारा ग्रंथपाल वाचक गमावतो, आणि पात्र काल्पनिक असलं तरी हा नियम मोडायचा नाही.

कलन कुटुंबातल्या जॅस्परला अमेरिकेच्या दक्षिणेची आठवण म्हणून 'गॉन विथ द विंड' देणं हा माझ्या मते सगळ्यात आळशी पर्याय. अमेरिकन यादवी युद्धात तो गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या, म्हणजे कॉन्फेडरेट सैन्यात होता. ती बाजू त्याने जगलेली आहे. त्याला नाही ती समोरची बाजू. 1885 पासून प्रसिद्ध झालेल्या उत्तरेचे सेनापती युलिसिस ग्रँट यांच्या आठवणी द्या आणि त्यासोबत गुलामीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लसचं 1845 चं आत्मकथन द्याच. ज्या व्यवस्थेसाठी तो लढला, ती साखळीच्या दुसऱ्या टोकाला कशी होती हे त्या छोट्याशा पुस्तकात आहे. इतरांच्या भावना जाणवणाऱ्या जॅस्परला ते सोपं जाणार नाही, पण आवश्यक आहे.

आणि क्लॉडिया, 'इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर'च्या कादंबरीतली: शरीर पाच वर्षांचं, मन प्रौढ बाईचं. तिला बालविभागात पाठवलंत तर तिला आयुष्यभर छळणारी चूक तुम्हीही केलीत. 1792 चं मेरी वुलस्टनक्राफ्टचं 'अ व्हिंडिकेशन ऑफ द राइट्स ऑफ वुमन' द्या. स्त्रियांना कायम बालपणातच डांबून ठेवलं जातं, हा त्यातला मुद्दा क्लॉडियाइतका शब्दशः कुणालाच लागू पडणार नाही. हे आरशासारखं वाटेल, पण आरसा नाही. स्वतःची अवस्था तिला माहीत आहे; त्या अवस्थेविरुद्धचा युक्तिवाद तिच्याकडे नाही.

इथेच दुसरा खड्डा आहे: उपदेश. बेलाला 'असल्या नात्यात पडू नये' छापाची पुस्तकं दिली जातात. ती ब्रॉन्टी आणि ऑस्टेन आवडीने, पुन्हा पुन्हा वाचणारी मुलगी आहे, तिला कान टोचलेले लगेच कळतील. डॅफ्ने ड्यु मॉरिएची 1938 ची 'रेबेका' द्या: श्रीमंत, वयाने मोठा, काहीतरी लपवणारा पुरुष आणि जिचं नावही आपल्याला कळत नाही अशी तरुण बायको. किंवा ॲन ब्रॉन्टीची 'द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल'. बहीण एमिलीच्या 'वदरिंग हाइट्स'नंतर वर्षभरात, त्याच घरातून आलेली, पण बाईने दार बंद करून निघून जाण्याची गोष्ट. कार्डावर 'यातून शिक' असं लिहू नका. पुस्तकं आपलं काम करतात.

साल तपासा

प्रकाशनाचं साल, अनुवादाचं साल आणि पात्र जगतंय ते साल ताडून बघा. 'ट्वायलाइट'ची गोष्ट 2005 च्या सुरुवातीला घडते, तेव्हा त्यानंतरचं पुस्तक द्यायचं तर 'आजच्या तारखेला' असं कार्डावर स्पष्ट लिहा. जॉन बॅरीचं 'द ग्रेट इन्फ्लुएंझा' 2004 चं, म्हणजे एडवर्डला जेमतेम चालतं. आईवडील ज्या साथीत गेले तिचा एवढा तपशीलवार इतिहास तो नक्की उघडेल. कार्लाइल सतराव्या शतकातल्या लंडनचा, रूपांतर 1660 च्या दशकात. सॅम्युअल पेपिसची रोजनिशी 1660 ते 1669 ची, पण ती लघुलिपीत असल्यामुळे छापून आली थेट 1825 मध्ये. आपलंच तरुणपणचं शहर वाचायला कार्लाइलला दीडशेहून अधिक वर्षं थांबावं लागलं. साल तपासताना अशा गोष्टी सापडतात, म्हणून ही पायरी गाळू नका.

तीनच पुस्तकं

एक हमखास आवडणारं, एक थोडं बाजूचं, एक ताण देणारं. एडवर्डसाठी 'माल्टीज फाल्कन', 'ग्रेट इन्फ्लुएंझा' आणि स्वतःपासूनच मन लपवणाऱ्या बटलरची इशिगुरोंची 1989 ची 'द रिमेन्स ऑफ द डे'. प्रत्येकासोबत 30 ते 40 शब्दांची टीप, ग्रंथपालाच्या आवाजात, शेवट न फोडता. 

टीप लिहिताना नॅन्सी पर्ल यांचा पन्नास पानांचा नियम लक्षात ठेवा. पुस्तक पटतंय का ते ठरवायला पन्नास पानं वाचा. पन्नाशी उलटली असेल तर शंभरातून वय वजा करा. शंभरी गाठलेल्याला नुसतं मुखपृष्ठ बघून पुस्तक ठेवून द्यायचा हक्क आहे. तुमचे बहुतेक वाचक शंभरीपार आहेत. त्यामुळे टीपेचं पहिलं वाक्यच दमदार हवं.

पुस्तक मिळतं का ते बघा

'ट्वायलाइट' जिथे घडते त्या फोर्क्स गावचं ग्रंथालय बेलाला फारच तुटपुंजं वाटतं. खरं फोर्क्सचं ग्रंथालय नॉर्थ ऑलिम्पिक लायब्ररी सिस्टिममध्ये येतं, आणि तिचा कॅटलॉग ऑनलाइन शोधता येतो. प्रदर्शन आपल्याकडे असेल तर कार्डाशेजारी ठेवायची प्रत आपल्या कपाटात आहे का, हे आधी बघा. नुसतं कार्ड आणि पुस्तक गायब, असं प्रदर्शन लावू नका. इंग्रजी प्रत नसेल तर मराठी अनुवाद शोधा, नाहीतर शिफारस बदला.

मराठी ग्रंथालयात एक पुस्तक बहुधा सापडेलच: 'वेताळ पंचविशी'. रिचर्ड बर्टनने 1870 मध्ये या कथा 'विक्रम अँड द व्हॅम्पायर' या नावाने इंग्रजीत नेल्या. कार्लाइलसारख्या जुन्या, बहुश्रुत वाचकाला तिसरं पुस्तक म्हणून ते द्या. प्रेताच्या आत बसून राजाला न्यायाची कोडी घालणारा वेताळ त्याच्या नात्यातला म्हणावा की नाही, हे त्याचं त्याला ठरवू द्या. टीपेत उत्तर लिहू नका.