महिनाभर चंद्र टिपायचाय? मग आधी एवढं करा

सुरुवात कार्तिकात करा. आषाढ-श्रावणात बसलात तर वहीत नुसते ढग जमतील. बलिप्रतिपदेला चंद्राची आशा नको, पहिली नोंद भाऊबीजेची. चांदोबाला ओवाळायला बायका गच्चीत येतात तेव्हाच बघा. कोर पश्चिमेला अगदी खाली असते, थोड्याच वेळात मावळते. समोर इमारत असेल तर हुकलीच.

वही, पेन्सिल, घड्याळ. दुर्बीण लागत नाही. मोबाइलच्या फोटोत नुसता पांढरा ठिपका येतो, तोही नको. रुपयाचं नाणं ठेवून ३० वर्तुळं आधीच काढा आणि प्रत्येकाखाली तारीख, तिथी, वेळ लिहायला जागा ठेवा. वेळेची जागा आत्ताच आखा. माझ्या मागच्या वहीत चंद्र झकास आलेत, वेळ एकाचीही नाही. ती वही रद्दीत गेली.

शुद्ध अष्टमीचा अर्धा चंद्र संध्याकाळी साडेसहाला दक्षिणेला उंचावर असतो, उजळ बाजू उजवीकडे. तोच रात्री ११ला पश्चिमेला उतरतो तेव्हा उजळ बाजू खाली गेलेली असते, कडेवर उभ्या वाटीची सुलटी वाटी झाल्यासारखी. वेळ लिहिलेली नसेल तर ही दोन चित्रं एकाच रात्रीची आहेत हे तुम्हालाही पटणार नाही. शिवाय दिनदर्शिकेवरची तिथी सूर्योदयाची असते. अष्टमी दुपारी संपली असेल तर संध्याकाळी तुम्ही नवमीचा चंद्र काढताय. तिथीची समाप्ती छापलेली असते, ती बघा आणि घड्याळातली वेळ लिहा. खाली उतरल्यावर नाही, तिथेच.

जागा एकच ठेवा. क्षितिजाची रेघ आणि एखादी पाण्याची टाकी चित्रात आली पाहिजे, नाहीतर कोर किती कलली ते कळत नाही. गच्चीची किल्ली कोणाकडे असते ते आजच विचारा, पहाटे वॉचमनला उठवलेलं त्याला आवडत नाही. ढग असतील तर ‘ढग’ लिहा, ॲपवरून कोर उतरवू नका. ढगांनाही वेळ घाला.

त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत सगळं सोपं. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो, त्यामुळे पुढे गजर लावावा लागतो. संकष्टीला चंद्रोदय छापील मिळतो. वद्य अष्टमीला मध्यरात्री जागू नका, सकाळी सहाला तो जवळजवळ डोक्यावर असतो. द्वादशीपासून पहाटे पूर्वेला, उजाडायच्या आत. वेळ लिहा. अमावास्येचं वर्तुळ काळं करून टाका.