घटस्फोटानंतर पुन्हा चर्चच्या बाकावर

घटस्फोट झालेले कितीतरी कॅथलिक मिस्साला, म्हणजे चर्चच्या मुख्य उपासनेला, नियमित येतात, पण ख्रिस्तप्रसादाची (कम्युनियनची) रांग लागली की बाकावरच बसून राहतात. अडवलेलं कोणीच नसतं. 'आता तुला बंदी' हे कुठून तरी कानावर आलेलं असतं, बहुतेक वेळा एखाद्या काकूकडून. म्हणून हा घोळ आधी मिटवू. कोर्टातून घटस्फोट झाला एवढ्यावरून कम्युनियन बंद होत नाही. दुसरं लग्न केलेलं नसेल आणि कोणाबरोबर नवरा-बायकोसारखं राहत नसाल, तर इतरांसारखंच पापनिवेदन करायचं आणि रांगेत उभं राहायचं. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ मध्येच हे लिहून ठेवलं आहे. शंका असेल तर फादरांची वेळ घेऊन भेटा. मिस्सा संपल्यावर दारातल्या गर्दीत हा विषय काढू नका, तिथे अर्धवट उत्तर मिळतं.

खरी अडचण येते ती पुन्हा लग्न करायचं ठरल्यावर. कोर्टाचा हुकूमनामा चर्चच्या लेखी लग्न मोडत नाही आणि चर्चच्या न्यायपीठाचा निकाल सरकारदरबारी चालत नाही. मॉली जोसेफ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली हे स्पष्ट केलं. नुसता चर्चचा कागद हातात घेऊन दुसरं लग्न लावलं तर पहिलं लग्न कायद्याने उभंच असतं आणि प्रकरण गुन्ह्यापर्यंत जातं. कोर्टाचा निकाल लागला तरी अपिलाची मुदत संपेपर्यंत थांबावंच लागतं. १८६९ च्या घटस्फोट कायद्याचं कलम ५७ त्यासाठीच आहे. गोव्यात नागरी कायदा वेगळा आहे. तिथे लग्न झालं असेल तर तिथल्याच वकिलाला विचारा, मुंबई-पुण्याचे नियम लावू नका.

चर्चमध्ये ज्याला सगळे ॲनलमेंट म्हणतात तो घटस्फोट नव्हे. लग्न वैध व्हायला जे लागतं त्यातलं काहीतरी लग्नाच्या दिवशीच नव्हतं, असा तो निर्णय असतो. बहुतेक अर्ज इथेच फसतात. लोक दहा-दहा पानं लिहितात, पण ती सगळी लग्नानंतरच्या भांडणांची. न्यायपीठाला हवा असतो लग्नाआधीचा काळ. स्थळ कोणी आणलं? नकार द्यायची मोकळीक होती का? साखरपुडा आणि लग्न यांत किती दिवस गेले, आणि तेवढ्यात दोघं एकटे किती वेळा बोलले? व्यसन किंवा आजार लपवला होता का? मूल नकोच, असं एकाने आधीच मनाशी ठरवलं होतं का? नंतरची भांडणं त्या जुन्या कारणाकडे बोट दाखवत असतील तेवढीच लिहा. साक्षीदारही तसेच निवडा. लग्नाआधीपासून तुम्हाला ओळखणारी मैत्रीण, बहीण, मामा उपयोगाचे. नव्या बिल्डिंगमधली शेजारीण कितीही जिव्हाळ्याची असली तरी तिला त्या काळातलं काय ठाऊक?

अर्ज जिथे लग्न लागलं त्या धर्मप्रांतात (बिशपच्या अखत्यारीतल्या भागात) करता येतो, किंवा दोघांपैकी कोणी राहत असेल तिथे. सोबत बाप्तिस्म्याचा नव्याने काढलेला दाखला, चर्चमधला विवाहाचा दाखला आणि हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत ठेवा. समोरच्या पक्षाला कळवलं जातंच. तो आला नाही म्हणून काम अडत नाही. लग्न वैधच होतं अशी बाजू मांडायला चर्च स्वतःचा एक माणूस नेमतं. त्याचे मुद्दे वाचून पुष्कळांना धक्का बसतो, पण ते त्याचं कामच आहे, तुमच्यावरचा राग नव्हे. पोप फ्रान्सिस यांच्या सुधारणेमुळे ८ डिसेंबर २०१५ पासून दुसऱ्या न्यायपीठाकडून तोच निकाल पुन्हा मिळवावा लागत नाही. तरीही पहिल्या पातळीवरच वर्षभर लागू शकतं आणि निकाल तुमच्या बाजूने लागेलच असंही नाही, तेव्हा हॉल बुक करण्याची घाई नको. आणि मुलांची काळजी नको. लग्न अवैध ठरलं तरी मुलं औरसच राहतात, चर्चच्या कायद्यात तसं स्पष्ट आहे.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांत असं न्यायपीठ नसतं. तिथे पाळकसाहेब, मंडळीची कमिटी आणि असतील तिथे बिशप ठरवतात. बायबलमधल्या मत्तय १९:९ आणि १ करिंथ ७:१५ या दोन वचनांवर सगळी चर्चा फिरते आणि पाळकागणिक अर्थ बदलतो. दुसरं लग्न लावाल का, हे मुलगी बघायला जाण्याआधी विचारा. नकार ऐकायचाच असेल तर तो पत्रिका छापण्याआधी ऐकलेला बरा.

आता प्रार्थनेचं. पहिले काही महिने प्रार्थना होतच नाही, ही तक्रार नेहमीची. तेव्हा स्वतःचे शब्द शोधत बसू नका, बायबलमधली स्तोत्रं मोठ्याने वाचा. रोज एकच, दहा मिनिटं. १३, ४२, ५५ आणि ८८ पासून सुरुवात करा. ५५ व्या स्तोत्रात घाव घालणारा शत्रू नाही, देवाच्या मंदिरात बरोबर चालणारा सोबती आहे. ८८ वं तर अंधारातच संपतं, सांत्वनाची एक ओळ नाही. ते तसंच संपू द्या, पुढे हालेलुया जोडू नका. रात्रीचं आत्मपरीक्षण करत असाल तर ते आजच्या दिवसापुरतं ठेवा. सुरुवातीलाच अख्ख्या संसाराचा हिशेब मांडला की दोनच टोकं हाती लागतात, सगळं माझं चुकलं किंवा सगळं त्याचं. आपला वाटा नेमका किती, हे बरंच उशिरा आणि शक्यतो समुपदेशकासमोर बघावं. आठवडेच्या आठवडे झोप-जेवण उडालं असेल तर डॉक्टरकडे जा. जीव नकोसा वाटला तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, मोफत नंबर लगेच लावा. हा विश्वास कमी पडल्याचा पुरावा नाही.

'क्षमा कर, ख्रिस्ती आहेस ना' हे वाक्य फार लवकर ऐकू येतं. क्षमा केली म्हणून पोटगीचा अर्ज मागे घ्यावा लागत नाही, मारहाणीची तक्रारही नाही, आणि परत नांदायला जावं लागत नाही. 'क्षमा म्हणजे हे सगळं करायलाच हवं' असं गळी उतरवणारा पाळक किंवा फादर बदलायला हरकत नाही.

चर्चमधल्या चौकशीला एकच वाक्य तयार ठेवा, 'आमचं कायद्याने वेगळं झालंय, मुलं बरी आहेत, बाकी नंतर बोलू.' महिला संघात किंवा कॉटेज मीटिंगमध्ये (घरच्या प्रार्थनासभेत) तपशील सांगू नका. तो 'प्रार्थनेचा विषय' म्हणून आठवड्याभरात गावभर होतो आणि सांगणाऱ्याला वाईटही वाटत नाही. तपशील दोन माणसांना पुरे, शक्यतो एक आपल्या मंडळीबाहेरचं. सेवेत परत यायचं तर क्वायर, फुलं, संडे स्कूलची तयारी चालेल. कमिटीचं पद, विवाहपूर्व शिबिरात बोलणं किंवा दुसऱ्या घटस्फोटितांना सल्ला देणं पहिल्या वर्षात नको. लोक आग्रह करतील, कारण कोणाच्या अनुभवाची साक्ष ऐकायला सगळ्यांना आवडतं.

मुलांच्या संडे स्कूलच्या बाईंना मात्र स्वतः जाऊन सांगा. 'बाबांसाठी कार्ड करा' असा वर्ग असेल तेव्हा त्यांना आधी ठाऊक असावं. मुलांच्या पहिल्या कम्युनियनला किंवा दृढीकरणाला (कन्फर्मेशनला) कोण कुठे बसणार, फोटोत कोण असणार आणि जेवण कोणाकडे, हे महिनाभर आधी मेसेजवर लिहून ठरवा. नाताळचंही तसंच. २४ च्या रात्रीची उपासना एकाकडे, २५ चं जेवण दुसऱ्याकडे, पुढच्या वर्षी उलट. आजी-आजोबांनाही हे नोव्हेंबरातच सांगून टाका, नाहीतर करंज्या दोन्ही घरी एकाच दिवशी होतात आणि मूल मधल्यामध्ये अडकतं.