रोस्टरवरची विश्रांती आणि प्रत्यक्ष झोप : नव्या फर्स्ट ऑफिसरसाठी

तुम्ही नवे फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहात, तुमचं टाइप रेटिंग (ठरावीक प्रकारचं विमान चालवण्याची पात्रता) झालंय, लाइन ट्रेनिंग (प्रवासी उड्डाणांवरचं प्रशिक्षण) चालू आहे किंवा ते संपवून नुकतेच रिलीज झालात, असं धरून लिहिते आहे. सीपीएलचे (व्यावसायिक वैमानिक परवान्याचे) तास, डीजीसीएचे (विमान वाहतूक नियामकाचे) पेपर, आरटीआर (रेडिओचा परवाना), डोक्यावरचं कर्ज यांबद्दल मी नव्याने काय सांगणार! ग्राउंड क्लासमध्ये कोणी सांगितलं नाही ते झोपेबद्दल आहे. ते मलाही अजून पूर्ण जमलेलं नाही, म्हणूनच लिहावंसं वाटतंय.

एफडीटीएल, म्हणजे उड्डाण आणि ड्यूटीच्या तासांवरच्या मर्यादांचे नियम, तुम्हाला पाठ असतीलच. आठवड्याला ३५ तास उड्डाण, वर्षाला १०००, ड्यूटीआधी किमान १२ तास किंवा मागच्या ड्यूटीइतकी विश्रांती, यांतलं जे जास्त असेल ते. जानेवारी २०२४ च्या सुधारित नियमांनी साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर नेली, रात्र बारा ते सहा धरली आणि रात्रीच्या ड्यूटीतली लँडिंग दोनवर आणली. त्यांची अंमलबजावणी व्हावी म्हणून वैमानिकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेल्या. चांगले नियम आहेत. त्यांच्या बाजूने उभे राहा.

पण नियम ड्यूटीबाहेरचे तास मोजतात. त्या तासांत तुम्ही किती झोपलात हे कोणी मोजत नाही. मी अडकले ती जागा हीच, तेव्हा जरा सावकाश सांगते.

समजा, मंगळवारी संध्याकाळी पाचला ड्यूटी संपली. पुढचं रिपोर्टिंग बुधवारी रात्री साडेदहाला, मुंबई–दुबई–मुंबई. मध्ये साडेएकोणतीस तास. कागदावर भरपूर. मंगळवारी रात्री तुम्ही छान झोपता आणि बुधवारी सकाळी सातला उठता, कारण घर सातला उठतं. मुलीची शाळा, बँकेचं काम, सासूबाईंची डॉक्टरची वेळ. दुपारी पडू म्हणता, तेवढ्यात कुरिअर येतं. संध्याकाळी सहाला आडवे होता आणि झोप येतच नाही. ती येणारही नसते : नेहमीच्या झोपेच्या आधीचे दोन-तीन तास शरीर सर्वांत जागं असतं. साडेदहाला रिपोर्ट करता. ब्रेथ अ‍ॅनलायझर शून्य दाखवतो. पावणेबाराला निघता.

आता सातपासून तास मोजा. मध्यरात्री तुम्हाला जागं होऊन सतरा तास झालेले असतात. १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासात सतरा तास जागरणानंतरची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी घसरलेली आढळली होती. म्हणजे टेकऑफनंतर लगेचच तुम्ही त्या रेषेवर पोचता आणि अजून दोन्ही लँडिंग बाकी असतात. परतीचा बराचसा प्रवास दोन ते सहाच्या डब्ल्यूओसीएलमध्ये, म्हणजे शरीर सर्वांत मंद असतं त्या वेळात. मुंबईत चाकं टेकतात तेव्हा जागरण चोवीस तासांच्या आसपास गेलेलं असतं. नियम एकही मोडलेला नाही. रोस्टर (ड्यूटीचं वेळापत्रक) कायदेशीर, तुम्ही ‘रेस्टेड’.

माझ्या बाबतीत हे पुन्हापुन्हा होत राहिलं आणि मला वाटत राहिलं की आपल्यातच स्टॅमिना कमी आहे. तसं नसतं. तुम्हालाही तसं वाटत असेल तर ते आधी डोक्यातून काढा.

करायचं एवढंच : रात्रीच्या ड्यूटीच्या दिवशी सकाळी शक्य तेवढं उशिरा उठा आणि दुपारी एक ते चार हा वेळ झोपेसाठी राखा. त्या वेळात शरीर थोडं सैल पडतं, झोप लागण्याची शक्यता बरी असते. जाड पडदे, बेल बंद, फोन दुसऱ्या खोलीत. झोप नाही लागली तरी अंधारात पडून राहा. रोस्टर आलं की मी रिपोर्टिंगच्या वेळेआधी प्रत्येक ड्यूटीसमोर ‘शेवटची झोप कधी संपेल’ हे पेन्सिलने लिहिते. तुम्हीही लिहा, फार काही उघडं पडतं.

झोपेच्या गोळ्यांचा शॉर्टकट कोणी सुचवला, तर त्या माणसाचं पुढचं काही ऐकू नका. औषध फक्त एव्हिएशन मेडिसिनच्या डॉक्टरांना विचारून. आणि ‘आम्ही तर याहून वाईट रोस्टर उडवली’ म्हणणाऱ्या सीनियरना नमस्कार करा, पण गुरू करू नका. मला ज्यांच्याकडून शिकायला मिळालं ते कॅप्टन ब्रीफिंगमध्येच विचारायचे, ‘किती झोपलीस?’ आणि आधी स्वतःचं उत्तर द्यायचे.

मंगळूरचा अपघात वाचला नसेल तर वाचा. २२ मे २०१०, दुबईहून सकाळी सहाच्या सुमारास पोचलेलं विमान, १५८ मृत्यू. व्हॉइस रेकॉर्डरवर कॅप्टन झोपल्याचे आवाज होते, आणि गाढ झोपेतून उठल्यावर डोकं काही काळ जड राहतं त्या अवस्थेचा, स्लीप इनर्शियाचा, उल्लेख चौकशी अहवालात आहे. कंट्रोल्ड रेस्ट (कॉकपिटमध्ये ठरवून घ्यायची डुलकी) तुमच्या मॅन्युअलमध्ये असेल तर ती छोटीच का ठेवायची, डिसेंटच्या, म्हणजे विमान खाली आणायला लागण्याच्या, बरीच आधी का संपवायची, याचं उत्तर तिथे आहे.

बेस (ड्यूटी जिथून सुरू होते ते शहर) मुंबई असेल तर पहिली काही वर्षं पुण्यात राहू नका. भाडं वाचतं, आई-बाबा जवळ असतात, सगळं मान्य. पण रात्रभर उडून द्रुतगती मार्गावर गाडी चालवणं हा विमानापेक्षा मोठा धोका आहे. शिवाय तो प्रवास तुमच्या विश्रांतीतूनच कापला जातो. अमेरिकेत फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ ५० जण गेले, त्या विमानाची फर्स्ट ऑफिसर आदल्या रात्री सिअ‍ॅटलहून प्रवास करत न्यूअर्कला ड्यूटीवर आली होती. त्या अपघातानंतर तिथले विश्रांतीचे नियम बदलले.

घराबद्दल. गणपती आणि दिवाळी म्हणजे एअरलाइनचा सुगीचा काळ, रजा सीनियॉरिटीने. पहिली काही वर्षं गौरी-जेवणाला तुम्ही नसणार, हे घरी आत्ताच सांगा. लग्न ठरत असेल तर समोरच्या घरीही. त्याहून अवघड आहे ते दिवसा घरात असून झोपलेलं असणं. ‘घरीच तर आहेस’ हे वाक्य नाइट ड्यूटीवरून आल्यावर फार लागतं. आमच्याकडे फ्रिजवर रोस्टर असतं आणि त्यात झोपेचे तास लाल रंगात. आईंना आधी ते विचित्र वाटलं, आता त्या स्वतःच दुधवाल्याला बेल वाजवू नकोस म्हणून सांगतात. घरची माणसं समजून घेतात, फक्त त्यांना आकडे दाखवावे लागतात. मुलीशी मी ‘रविवारी जाऊ’ असं ठरवत नाही, ‘ऑफच्या दुसऱ्या दिवशी जाऊ’ असं ठरवते. पहिला दिवस झोपेचा.

नियम कायम राहतील असं धरून मात्र काहीच आखू नका. १ नोव्हेंबर २०२५ ला २०२४ च्या त्या सुधारित नियमांचा दुसरा टप्पा लागू झाला आणि डिसेंबरच्या सुरुवातीला इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. लगेच रात्रीच्या नियमांतून त्यांना तात्पुरती सूट मिळाली आणि साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा धरता येणार नाही, हे कलम डीजीसीएने मागे घेतलं. प्रवाशांचे हाल खरे होते. पण किंमत पुन्हा क्रूच्या विश्रांतीतून वसूल झाली, याचा मला अजून राग आहे.

शेवटचं, फटीग रिपोर्ट, म्हणजे थकव्यामुळे उडू शकत नाही हे कंपनीला लेखी कळवणं. नवीन माणूस घाबरतो, कंपनीशी केलेला बाँड आठवतो, कमांड (कॅप्टनपद) लांबेल असं वाटतं. भीती अगदीच खोटी नाही. तरीही डोळे मिटत असताना निघू नका. क्रू कंट्रोलला (ड्यूटी लावणाऱ्या विभागाला) ‘मी फटीग्ड आहे, फिट नाही’ एवढंच सांगा, रेकॉर्डेड लाइनवर वाद घालू नका. रिपोर्ट त्याच दिवशी भरा : मागच्या तीन रात्रींची झोप, शेवटची झोप कधी संपली, ड्यूटी संपताना किती तास जागरण होणार होतं, मागच्या ड्यूटीला किती उशीर झाला होता. आजारी नसताना सिक लीव्ह टाकू नका. तशाने रोस्टरचा दोष कुठेच नोंदला जात नाही आणि तेच पेअरिंग (उड्डाणांची तीच जुळणी) पुढच्या महिन्यात दुसऱ्या कोणाला मिळतं.